अवयवदानाच्या संमतीचे सरकारी कागद माहिती अधिकारातून कसे मिळवायचे

एखाद्यानं हयातीत अवयवदानाचा प्रतिज्ञा अर्ज भरला. पुढे अपघात झाला, डॉक्टरांनी मेंदूमृत घोषित केलं, आणि घरच्यांनी नको म्हटलं. अशा वेळी व्यवहारात दान होत नाही. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायदा, १९९४ मात्र वेगळं सांगतो. कलम ३(२) नुसार, माणसानं जिवंतपणी लेखी आणि निःसंदिग्ध संमती दिली असेल, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर दिली असेल, त्यातला किमान एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असेल, आणि ती संमती नंतर मागे घेतली असं मानायला कारण नसेल, तर मृतदेह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्यानं अवयव काढण्यासाठी डॉक्टरांना सगळी वाजवी सोय करून द्यायची आहे. तरीही जनजागृतीच्या पत्रकांत सर्रास 'कुटुंबाचा निर्णय अंतिम' असं छापलेलं असतं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आणि कोणत्या कागदावर?

हा प्रश्न धरून मी दिल्लीतल्या मंत्रालयाकडे, राज्याच्या विभागांकडे आणि रुग्णालयांकडे माहिती अधिकाराचे अर्ज केले. मिळालेल्या कागदांतून बरंच कळलं. त्याहून जास्त कळलं ते कागद मिळवण्याच्या वाटेबद्दल. अवयवदानात काम करणारे समुपदेशक, पत्रकार, विधीचे विद्यार्थी, दात्यांचे नातेवाईक अशांना ही वाट पुन्हा शून्यापासून शोधावी लागू नये म्हणून हे लिहितो आहे. एक सूत्र शेवटपर्यंत लक्षात असू द्या: कायद्यानं किंवा नियमानं जो कागद तयार करायला लावलेला आहे, तोच नाव घेऊन मागायचा.

१. आधी उघड्यावर असलेलं वाचून घ्या

अर्ज करायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी यात घाला. मूळ कायदा, २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम सरकारच्या 'इंडिया कोड' आणि 'ई-गॅझेट' या संकेतस्थळांवर मिळतात. दुरुस्ती विधेयक २००९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीकडे गेलं. त्या समितीचा अहवाल आणि अवयवदानावरच्या तारांकित-अतारांकित प्रश्नांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. राज्याचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार असतात.

नियम वाचताना शेवटचे नमुने जरूर पाहा, कारण तुमचे अर्ज त्यांच्यावरच उभे राहणार आहेत. नमुना ७ म्हणजे हयातीतली प्रतिज्ञा. नमुना ८ म्हणजे मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकानं किंवा मृतदेहाचा कायदेशीर ताबा असलेल्यानं भरायचं संमतिपत्र. नमुना ९ रुग्णालयात किंवा तुरुंगात पडून असलेल्या बेवारस मृतदेहासाठी. नमुना १० म्हणजे मेंदूस्तंभ मृत्यूचा, म्हणजेच मेंदूमृत्यूचा, दाखला, चार डॉक्टरांच्या मंडळानं सही करायचा. 'संमतीची कागदपत्रं द्या' असं लिहिलं तर अधिकारी काहीही समजू शकतो. 'नमुना ८' लिहिलं की तसं करायला जागा राहत नाही.

कलम ३ चं पोटकलम (१अ) सुद्धा नीट वाचा. २०११ च्या दुरुस्तीनं ते घातलं. अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू प्रमाणित झाला की तिथल्या डॉक्टरनं प्रत्यारोपण समन्वयकाशी सल्लामसलत करून रुग्णानं हयातीत संमती दिली होती का हे विचारायचं, आणि नसेल तर नातेवाइकांना दानाचा पर्याय आहे हे सांगायचं, अशी जबाबदारी त्यात आहे. जबाबदारी आली की तिची नोंद, तपासणी आणि पत्रव्यवहारही कुठेतरी असायला हवा.

२. कागद कोणाकडे आहे ते ठरवा

बहुतेक अर्ज इथेच भरकटतात. अवयवदान हा विषय एका कार्यालयाचा नाही.

कायदा, नियम, त्यांचे मसुदे, मसुद्यांवर आलेल्या हरकती-सूचना आणि राज्यांना गेलेली पत्रं केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाकडे. अवयव मिळण्यासाठी नाव नोंदवताना अधिवासाची अट नसावी, पासष्ट वर्षांची वयोमर्यादा नसावी आणि नोंदणी शुल्क घेऊ नये, ही फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेली भूमिका याच वर्गातली. केंद्राकडून गेलेली पत्रं आणि त्यांना राज्यांनी दिलेली उत्तरं, दोन्ही मागता येतात.

प्रतिज्ञांची राष्ट्रीय नोंद, कार्यपद्धती आणि प्रशिक्षणाचं साहित्य राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे, म्हणजे 'नोटो'कडे. तिची पश्चिम विभागाची प्रादेशिक संस्था 'रोटो' आणि महाराष्ट्राची राज्य संस्था 'सोटो' मुंबईत केईएम रुग्णालयात आहे. विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या, म्हणजे झेडटीसीसी, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मात्र त्यांची रचना सरकारी खात्यासारखी नाही. त्यामुळे त्यांच्याबाबतची माहिती आधी त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे मागावी.

राज्यात सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग हे दोन वेगळे विभाग आहेत. रुग्णालयाची प्रत्यारोपण नोंदणी, नूतनीकरण आणि तपासणी हे सार्वजनिक आरोग्याकडे, आरोग्य सेवा संचालनालयात. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांचा कारभार वैद्यकीय शिक्षणाकडे. महापालिकेचं रुग्णालय असेल तर महापालिका. प्रत्येकाचा जन माहिती अधिकारी, म्हणजे माहिती अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, निराळा.

चुकीच्या दारात गेलात तरी अर्ज वाया जात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अधिकाऱ्यानं तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून तुम्हाला कळवायचं आहे. 'हा विषय आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही' एवढंच लिहून अर्ज परत पाठवला तर तो स्वतंत्र अपिलाचा मुद्दा होतो.

खासगी रुग्णालयाला थेट अर्ज करता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २(च) मधल्या माहितीच्या व्याख्येत, एखाद्या कायद्याखाली सरकारी प्राधिकरणाला जी माहिती खासगी संस्थेकडून मिळवता येते, तीही येते. प्रत्यारोपणाची नोंदणी पाच वर्षांची असते आणि समुचित प्राधिकारी ती देतो, तपासतो, निलंबित करतो. म्हणजे त्या रुग्णालयाचा नोंदणी अर्ज, तपासणी अहवाल, समन्वयक नेमल्याचा पुरावा हे सगळं सरकारी नस्तीत, म्हणजे फाइलीत, असतंच. तिथून मागा.

३. प्रश्न विचारू नका, दस्तऐवज मागा

'नातेवाइकांची संमती का घेतली जाते?' हा प्रश्न माणूस म्हणून रास्त आहे, माहिती अर्ज म्हणून निरुपयोगी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच सांगितलं आहे की एखादी गोष्ट 'का' केली याचं स्पष्टीकरण माहितीच्या व्याख्येत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये स्पष्ट केलं की कार्यालयाकडे जे नोंदीत आहे तेवढंच द्यायचं. अर्जदारासाठी नवीन माहिती तयार करायची किंवा मत द्यायचं बंधन नाही. त्यामुळे 'का' लिहिलेला अर्ज एका ओळीत निकाली निघतो, आणि तो निकाल कायद्याला धरून असतो.

तोच प्रश्न असा वळवा: 'मृत व्यक्तीने हयातीत नमुना ७ मध्ये प्रतिज्ञा दिली असतानाही नातेवाइकांची संमती घेण्याबाबत आपल्या कार्यालयाने निर्गमित केलेली परिपत्रके, मार्गदर्शक सूचना, पत्रे यांच्या छायांकित प्रती.' असा कागद असेल तर मिळेल. नसेल तर 'उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येईल, आणि तेही मोलाचं आहे. एखादी प्रथा कोणत्याही लेखी आदेशाशिवाय चालते आहे, हे सरकारनंच सांगितलेलं असतं.

महाराष्ट्रात जपावा लागणारा एक नियम आहे. २०१२ पासून राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. नवखे लोक पाच विषय एका अर्जात कोंबतात आणि मग पूर्ण अर्जच परत येतो. पाच विषय असतील तर पाच अर्ज करा. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची आहे.

खाली एक अर्ज देतो, कारण त्यातला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यानं १९९४ चा कायदा संसदेनं संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर केला. म्हणून ४ फेब्रुवारी १९९५ ला तो लागू झाला तेव्हा या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. २०११ ची दुरुस्ती मात्र गोवा, हिमाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल यांच्या ठरावांवर झाली आणि १० जानेवारी २०१४ पासून अमलात आली. त्या यादीत महाराष्ट्राचं नाव नाही. म्हणजे आपल्याकडे ती लागू होण्यासाठी आपल्या विधिमंडळाचा वेगळा ठराव लागतो. संमतीबाबतची कलम ३(१अ) मधली जबाबदारी याच दुरुस्तीतून आलेली असल्यानं, तो ठराव हा राज्यातल्या प्रत्येक मेंदूमृत रुग्णाशी जोडलेला कागद आहे.

'विषय: मानवी अवयव प्रत्यारोपण (सुधारणा) अधिनियम, २०११ महाराष्ट्र राज्याने स्वीकारण्याबाबत.
कालावधी: १ सप्टेंबर २०११ ते या अर्जाचा दिनांक.
आवश्यक माहितीचे वर्णन:
(१) सदर अधिनियम स्वीकारण्यासाठी राज्य विधानमंडळाच्या सभागृहांनी अनुच्छेद २५२ अन्वये संमत केलेल्या ठरावाची प्रत.
(२) त्यासंबंधीच्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भाग यांच्या प्रती.
(३) विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायाची प्रत.
(४) सदर नस्तीचे अवलोकन करावयाचे असल्याने दिनांक व वेळ कळवावी.
उपरोक्त माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास अर्ज कलम ६(३) अन्वये वर्ग करावा.'

यात कुठेही कारण दिलेलं नाही. कलम ६(२) प्रमाणे ते द्यावं लागत नाही, आणि देऊही नका. कारण दिलं की चर्चा कागदावरून तुमच्या हेतूवर जाते. 'टिपणी भाग' हे शब्द मात्र विसरू नका. मंत्रालयातल्या नस्तीत एका बाजूला आलेली-गेलेली पत्रं असतात आणि दुसऱ्या बाजूला कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत प्रत्येकानं लिहिलेलं मत. निर्णय कसा झाला ते दुसऱ्या बाजूला कळतं. फक्त 'पत्रव्यवहार' मागितला तर नेमकी ती पानं येत नाहीत.

कालावधी टाकणंही तितकंच गरजेचं. 'आजपर्यंतची सर्व माहिती' लिहिलं की कलम ७(९) पुढे करून, माहिती गोळा करण्यात कार्यालयाची साधनसामग्री बेसुमार खर्च होईल असं उत्तर मिळतं. हे कलम माहिती नाकारायची मुभा देत नाही, फक्त ती कोणत्या स्वरूपात द्यायची ते बदलू देतं. पण ते सिद्ध करायला अपिलात जावं लागतं, आणि तेवढ्यात काही महिने जातात.

४. अर्ज, फी आणि जवळ ठेवायचे कागद

राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' चा नमुना आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्रासाठी ठरावीक नमुना नाही, साध्या कागदावर चालतं. फी तीच दहा रुपये, पण ती पोस्टल ऑर्डरनं किंवा डिमांड ड्राफ्टनं द्यायची, समक्ष गेलात तर रोख, पावती घेऊन. दिल्लीला कोर्ट फी स्टॅम्प लावून पाठवलेला अर्ज फी न मिळाल्याच्या कारणानं परत येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी.

केंद्राचं आणि महाराष्ट्राचं ऑनलाइन पोर्टल वेगवेगळं आहे. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या विभागासाठी अर्ज भरला तर तो परत येतो आणि फीही जाते. तिथे मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, मोठा मजकूर पीडीएफ करून जोडता येतो. इंटरनेटची अडचण असेल तर ठरावीक टपाल कार्यालयं केंद्र सरकारचे माहिती अर्ज स्वीकारून पुढे पाठवतात. त्या मार्गानं मुदतीत पाच दिवस वाढतात.

महाराष्ट्रातल्या कार्यालयाला मराठीत लिहा. दिल्लीला हिंदी किंवा इंग्रजीत पाठवलेलं बरं, भाषांतराच्या नावाखाली वेळ जात नाही. आधार कार्डाची प्रत जोडू नका. संपर्कासाठी लागेल तेवढीच वैयक्तिक माहिती मागायची, असं कायदाच सांगतो.

एका फोल्डरमध्ये हे जपून ठेवा: अर्जाची आवक शिक्का मारलेली स्थळप्रत (आपल्याजवळ राहणारी प्रत) किंवा ऑनलाइन नोंदणी क्रमांक, फीचा पुरावा, स्पीड पोस्टची पावती आणि पोहोच झाल्याची छापील नोंद, आणि तारखांची एक साधी वही. अपिलाच्या मुदती या तारखांवर चालतात. टपाल शाखेत समक्ष अर्ज देणार असाल तर आवक क्रमांकासह शिक्का स्थळप्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

५. पुढचे तीस दिवस

अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहितीला ४८ तास आहेत, पण धोरणाच्या कागदांसाठी ते कलम वापरू नका. खरी निकड असलेल्या माणसांसाठी ते आहे.

प्रतींचा खर्च भरा असं पत्र आलं तर दोन रुपये पान हा दर तपासा आणि लगेच भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरले जात नाहीत. उलट, मुदत उलटून गेल्यावर खर्चाचं पत्र आलं तर कलम ७(६) दाखवा, तेव्हा माहिती विनामूल्य द्यायची असते. उत्तरच आलं नाही तर तो नकार समजून थेट अपील करता येतं. स्मरणपत्रं पाठवत बसू नका, त्यात अपिलाची मुदत निघून जाते.

६. नकार आला तर कोणतं कलम लावलं ते पाहा

या विषयात चार-पाच कलमं पुन्हा पुन्हा भेटतात.

कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती. इथे आता फार जपून चालायला हवं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे या कलमात झालेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. आधी त्या कलमातच सार्वजनिक हिताची तुलना होती. आता 'वैयक्तिक माहिती' एवढाच अपवाद उरला आहे. सार्वजनिक हिताचा मुद्दा कलम ८(२) मध्ये शाबूत आहे, तो अपिलात ठळकपणे मांडावा लागतो. पण खरी काळजी अर्ज लिहितानाच घ्यायची. दात्याचं नाव, वय, पत्ता, सही केलेलं संमतिपत्र यांपैकी काहीही मागू नका. हे फक्त नकार टाळण्यासाठी सांगत नाही. आपल्या माणसाचं हृदय दुसऱ्याला देणाऱ्या घरानं त्या रात्री भरलेला कागद अनोळखी माणसाच्या हाती पडू नये, ही त्या घराची रास्त अपेक्षा आहे. तुम्हाला हवी असते ती संख्या आणि पद्धत: वर्षभरात नमुना १० किती भरले, त्यांपैकी नमुना ८ किती मिळाले, प्रतिज्ञा आढळली अशी प्रकरणं किती. हे एकत्रित आकडे कुणाचीच ओळख सांगत नाहीत. अर्जात तसं वाक्यच घाला: 'कोणत्याही व्यक्तीची ओळख उघड करणारी माहिती अपेक्षित नाही. असल्यास कलम १० नुसार तेवढा भाग वगळून उर्वरित माहिती द्यावी.'

२०१४ च्या नियमांचाही आधार घ्या. रुग्णालयानं केलेल्या एकूण प्रत्यारोपणांची माहिती आपल्या संकेतस्थळावर नियमित अद्ययावत ठेवायची आणि ती राज्य व केंद्र सरकारला संकलनासाठी उपलब्ध असायला हवी, असं नियमच म्हणतो. जी माहिती नियमानं जाहीर करायची आहे ती गोपनीय कशी, हा प्रश्न अपिलात टिकतो.

कलम ८(१)(ङ), विश्वासाश्रित संबंध. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं बोलणं यात येऊ शकतं. सरकारनं रुग्णालयांना काढलेलं परिपत्रक येत नाही.

कलम ८(१)(ज), तपासाला अडथळा. किडनी रॅकेटसारखं प्रकरण चालू असेल तर रुग्णालयाच्या नोंदणीची अख्खी नस्ती या कलमाखाली बंद केली जाते. कलमाची भाषा 'तपासाला बाधा येईल' अशी आहे. तपास चालू आहे एवढ्यानं भागत नाही, बाधा कशी येईल ते अधिकाऱ्यानं लिहायला हवं.

कलम ८(१)(झ), मंत्रिमंडळाचे कागद. निर्णय होऊन विषय संपल्यावर निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत सामग्री जाहीर करायची असते, हे त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेल्या भागात, आहे. जुन्या कायद्यांच्या अभ्यासकांना कलम ८(३) उपयोगी पडतं: वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. १९९४ च्या कायद्याची नस्ती आणि त्याआधी १९९१ मध्ये नेमलेल्या समितीचे कागद या मुदतीच्या कधीच पलीकडे गेले आहेत. पंचवीस वर्षांहून जुन्या नस्त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे वर्ग झालेल्या असू शकतात. तसं उत्तर आलं तर वर्ग केल्याची यादी मागा, तिच्यातल्या क्रमांकावरून अभिलेखागारात शोध घेता येतो.

आणि शेवटचं, ज्याला कलमच नाही: 'नस्ती आढळून येत नाही.' कायद्यात असा अपवाद नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं आहे की माहिती कधीतरी कार्यालयाकडे होती असं दिसत असेल, तर कसून शोध घ्यायला हवा आणि ती हरवल्याची जबाबदारी निश्चित करायला हवी. अपिलात शोध अहवालाची प्रत मागा.

७. नस्ती पाहायला जाताना

कागदांच्या प्रती मागवण्यापेक्षा शक्य तिथे समक्ष अवलोकन करावं, असं माझं ठाम मत आहे. प्रतींमध्ये पानं गळतात. समोर नस्ती असली की टिपणी भागातले पृष्ठ क्रमांक सलग आहेत का ते दिसतं, टिपणीत 'पताका अ', 'पताका ब' (कागदाला लावलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या) म्हणून उल्लेखलेली पत्रं खरंच लावलेली आहेत का ते पडताळता येतं. एखाद्या टिपणीच्या कडेला पेनानं लिहिलेली 'चर्चा करावी' एवढी ओळ आणि त्यानंतरच्या पानावर बदललेलं मत, ही गोष्ट छायांकित प्रतीत बहुतेकदा पुसट होऊन जाते.

केंद्राच्या कार्यालयात पहिला तास विनामूल्य, पुढे तासाला पाच रुपये. वही, पेन, अर्जाची प्रत आणि आलेलं पत्र बरोबर न्या. हव्या त्या पानांचे क्रमांक टिपून तिथेच लेखी यादी द्या आणि यादीच्या प्रतीवर पोच घ्या. मसुदा नियमांची नस्ती असेल तर हरकती-सूचनांचा तक्ता शोधा. २०१४ पासून केंद्राचं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा. सूचना कुणी केल्या आणि त्या का स्वीकारल्या नाहीत, ते या तक्त्यात कळतं.

समोरच्या लिपिकाशी सौजन्यानं वागा. नस्ती शोधून देणारा तोच असतो, आणि निर्णय त्याचा नसतो.

८. अपील

प्रथम अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. राज्यात जोडपत्र 'ब' आणि वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, केंद्रात फी नाही. निर्णय तीस दिवसांत, लेखी कारणं देऊन जास्तीत जास्त पंचेचाळीस. अपिलात अन्यायाची कहाणी लिहू नका. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन गोष्टी पुरेत: काय मागितलं, काय उत्तर आलं, ते उत्तर कोणत्या कलमाविरुद्ध आहे. सुनावणीला जमलं तर जा. बरेचदा जन माहिती अधिकारी तिथेच कागद देऊन टाकतो.

दुसरं अपील माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत. राज्यात जोडपत्र 'क', पुन्हा वीस रुपये. आयोगाला निकालासाठी मुदत नाही आणि प्रलंबित प्रकरणं खूप आहेत, त्यामुळे महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणून दुसरं अपील दाखल केल्यावर हातावर हात धरून बसू नका. त्याच कागदाचं दुसरं टोक शोधा. केंद्रानं राज्याला पाठवलेलं पत्र केंद्र देत नसेल तर ते राज्याकडे मागा. आरोग्य संचालनालयानं जिल्ह्याला पाठवलेलं परिपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कार्यालयातही असतं. दिरंगाईसाठी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो सरकारजमा होतो, अर्जदाराला मिळत नाही.

९. आपल्याच माणसाचे कागद हवे असतील तर

दात्याच्या नातेवाइकांना कधी स्वतः सही केलेल्या संमतिपत्राची प्रत हवी असते. त्या धावपळीत ती घ्यायची राहून जाते. त्यासाठी माहिती अधिकाराच्या वाटेला जायची गरज नाही. रुग्णाचे वैद्यकीय कागद मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायचे, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे, आणि ते खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही लागू आहे. नातं दाखवणारा पुरावा आणि मृत्यू दाखला जोडून रुग्णालयाच्या अभिलेख विभागाला लेखी मागणी द्या. उशीर करू नका. आंतररुग्णांचे कागद जपण्याची या संहितेतली मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांची आहे.

१०. मिळालेले कागद वापरताना

सरकारी कार्यालयानं चुकून एखादं नाव न झाकता प्रत दिली, असं होतं. ते नाव तुम्ही झाका. नाव नसलं तरी रुग्णालय, तारीख आणि वय एकत्र आलं की त्या दिवसाची बातमी शोधून दात्याचं घर ओळखता येतं, म्हणून या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी झाकल्याशिवाय कागद कुणाला पाठवू नका. कागदावर जेवढं आहे तेवढंच म्हणा. एका विभागाचं पत्र म्हणजे कायदा नव्हे, आणि 'उपलब्ध नाही' हे एका कार्यालयाचं उत्तर म्हणजे देशात कुठेच नाही असं नव्हे.

प्रत्येक प्रतीच्या मागे कार्यालयाचं नाव, नस्ती क्रमांक, पृष्ठ क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढचा अर्ज तुम्ही करा किंवा दुसरं कुणी करो, त्यात तोच नस्ती क्रमांक टाकला की 'कोणती माहिती हवी ते स्पष्ट होत नाही' असं उत्तर देता येत नाही.